वर्दीही हवी आणि रोबोटिक्सही: अकरावी-बारावीतून सैनिकी अकादमीत अभियांत्रिकी

ऐरोली_खाडी

नमस्कार मंडळी. ऐरोली-रबाळे भागातल्या अकरावीच्या सात मुलामुलींसाठी हा धागा काढतेय. सगळ्यांनी भौतिकशास्त्र, रसायन आणि गणित घेतलंय. सगळ्यांना रोबोटिक्स शिकायचंय, पण साध्या कॉलेजात नाही, सैन्याच्या अकादमीत. त्यात तीन मुली आहेत. पालकांचे प्रश्न असे: अशी पदवी आपल्याकडे नक्की कुठे मिळते? एमएचटी-सीईटी चालते का? आणि या दोन वर्षांत अभ्यास सांभाळून हाताने काय बनवायला लावावं, जे पुढे खरोखर उपयोगी पडेल? ज्यांना नेमकं माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

खडकवासला_वाट

ताई, पहिली गोष्ट पालकांना नीट समजावा. पदवीच्या नावात 'रोबोटिक्स' शोधत बसलात तर बारावीनंतरचे चांगले रस्ते नजरेतून सुटतील. बारावीनंतर वर्दीत अभियांत्रिकी शिकायचे मुख्य रस्ते तीन, आणि तिथल्या शाखा मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, दूरसंचार, सिव्हिल अशा नावांच्या असतात. रोबोटिक्स या शाखांच्या सांध्यावर उभं असतं. सांगाडा आणि गिअर मेकॅनिकलचे, संवेदक आणि मोटर ड्रायव्हर इलेक्ट्रॉनिक्सचे, आणि त्यांना एकत्र चालवणारी नियंत्रण प्रणाली दोघांचीही.

पहिला रस्ता एनडीए, म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. तीन वर्षं, सहा सत्रं. इथे एक फरक बहुतेकांना ठाऊक नसतो: बी.टेक. नौदल आणि हवाई दलाच्या कॅडेटना असतं. लष्कराच्या कॅडेटना बी.ए., बी.एस्सी. किंवा संगणकशास्त्रातली बी.एस्सी. मिळते. बी.टेक.चं चौथं वर्ष खडकवासल्यात होत नाही. नौदलाची मुलं केरळातल्या एळिमला इथल्या भारतीय नौदल अकादमीत जातात, हवाई दलाची हैदराबादजवळच्या दुंडिगलला. पदवी जेएनयूची.

दुसरा रस्ता थेट एळिमला, म्हणजे नौदलाची १०+२ बी.टेक. कॅडेट प्रवेश योजना. चार वर्षं. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन, अप्लाइड इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन अशा शाखा. बारावीत भौतिक-रसायन-गणित मिळून ७० टक्के आणि दहावी किंवा बारावीत इंग्रजीला ५० टक्के लागतात. मुलाखतीला बोलावतात ते जेईई मेनच्या क्रमवारीवर.

तिसरा रस्ता लष्कराची टीईएस, म्हणजे १०+२ टेक्निकल एन्ट्री स्कीम. त्या तीन विषयांत ६० टक्के आणि जेईई मेन दिलेली असणं आवश्यक. आताच्या रचनेत तीन वर्षं पुण्याचं सीएमई, महूचं एमसीटीई किंवा सिकंदराबादचं एमसीईएमई या लष्कराच्या तांत्रिक महाविद्यालयांपैकी एका ठिकाणच्या कॅडेट ट्रेनिंग विंगमध्ये आणि एक वर्ष डेहराडूनच्या आयएमएत, म्हणजे भारतीय सैनिकी अकादमीत. ही योजना फक्त अविवाहित मुलांसाठी आहे. तुमच्या तीन मुलींनी ती यादीतून आत्ताच काढावी आणि एनडीएवर जोर द्यावा. एनडीएचं दार मुलींना २०२२ च्या प्रवेशापासून उघडलंय, पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली.

एमएचटी-सीईटीचे गुण यांपैकी कुठेही चालत नाहीत. ठाण्या-नवी मुंबईत बहुतेक मुलं सीईटीवर भर देतात आणि जेईईचा अर्ज 'बघू पुढे' म्हणून राहून जातो. तो अर्ज राहिला की दुसरा आणि तिसरा असे दोन्ही रस्ते त्या वर्षापुरते बंद. रँकची चिंता नंतर, अर्ज आधी भरा.

निळी_वर्दी

वरच्या उत्तराला थोडी पुरवणी. शाखा आणि पुढचं काम यांचा मेळ मुलांना आत्ताच दाखवा, म्हणजे पसंतीक्रम भरताना गोंधळ होत नाही.

रणगाडे, तोफा, रडार, क्षेपणास्त्रांची उपकरणं चालू ठेवणारं दल ईएमई, त्याचं शिक्षण सिकंदराबादला. दळणवळण, संगणक जाळी, रेडिओ म्हणजे सिग्नल्स, महूला. सुरुंग, पूल, अडथळे म्हणजे इंजिनिअर्स, पुण्यात दापोडीच्या सीएमईला. सुरुंग शोधणाऱ्या, रस्ता मोकळा करणाऱ्या चालकविरहित वाहनांत ज्याला रस आहे त्याला सॅपरचं, म्हणजे इंजिनिअर्स दलाचं, काम जवळचं. सेन्सर आणि यंत्रणा दुरुस्तीत रमणाऱ्यासाठी ईएमई. नौदलात गेल्यास यांत्रिकीचं पुढचं शिक्षण लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर आणि विद्युत शाखेचं जामनगरच्या आयएनएस वालसुरावर. पाण्याखालच्या स्वयंचलित वाहनांवर विशाखापट्टणमची एनएसटीएल ही प्रयोगशाळा काम करते, त्यामुळे पाण्यातल्या यंत्रांचं वेड असेल तर एळिमलाच.

नावात रोबोटिक्स हवंच असेल तर ते पदव्युत्तर पातळीवर येतं. खडकवासल्याजवळ गिरीनगरला डीआयएटी हे डीआरडीओच्या (संरक्षण संशोधन संस्थेच्या) अखत्यारीतलं अभिमत विद्यापीठ आहे, तिथे या विषयात एम.टेक. करता येतं. सेवेतल्या अधिकाऱ्यांना सैन्य तिथे किंवा आयआयटीत पाठवतं. एनडीएतून बी.एस्सी. होऊन लष्कराच्या तांत्रिक दलात गेलेल्यांनाही पुढे सीएमई, एमसीटीई, एमसीईएमईत अभियांत्रिकीची पदवी करायला मिळते. म्हणून 'लष्कर निवडलं तर अभियांत्रिकी गेली' ही भीती मनातून काढा.

ऐरोली_खाडी

मनापासून आभार. दोन शंका. एनडीएच्या लेखी परीक्षेत गणिताचा वाटा किती? आणि मध्येच सोडून यायची वेळ आली तर काय?

खडकवासला_वाट

गणिताचा पेपर ३०० गुणांचा, १२० प्रश्न, अडीच तास. बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकीला ०.८३ वजा. सामान्य क्षमता चाचणी ६०० गुणांची, १५० प्रश्न, त्यात इंग्रजी २०० आणि बाकी विज्ञान, इतिहास, भूगोल, घडामोडी मिळून ४००. पुढे एसएसबी, म्हणजे सैन्याची निवड-मुलाखत, ९०० ची. म्हणजे लेखी आणि मुलाखत समसमान. क्लासवाले लेखीवर सगळा जोर लावतात आणि निम्मे गुण वाऱ्यावर राहतात.

गणितातले आव्यूह, सदिश, त्रिकोणमिती आणि सांख्यिकी नीट करून घ्या. यातले पहिले तीन धडे पुढे रोबोच्या हाताची स्थिती काढताना लागतात, त्यामुळे मेहनत दोनदा कामी येते.

मध्ये सोडण्याबद्दल: वैयक्तिक कारणाने प्रशिक्षण सोडलं तर झालेला खर्च पालकांकडून वसूल होतो. तसं हमीपत्र आधीच लिहून घेतात. पालकांना हे फॉर्म भरतानाच सांगा, नंतर नको.

तांबेतार

आता हाताने बनवायच्या भागाकडे येतो.

ड्रोनपासून सुरुवात करू नका. मुंबई आणि नवी मुंबई असे दोन विमानतळ आणि नौदलाची ठिकाणं यांमुळे आपल्याकडे डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावर बराच भाग लाल-पिवळा, म्हणजे परवानगीशिवाय उडवता न येणारा, आहे. परवानगीच्या फेऱ्यांत वर्ष जाईल. जमिनीवरचं पट्ट्यांचं वाहन घ्या, म्हणजे दोन बाजूंना रणगाड्यासारखे पट्टे. डीआरडीओच्या दिघी, पुणे इथल्या आर अँड डीई प्रयोगशाळेने बॉम्बनाशक कामासाठी बनवलेलं 'दक्ष' मुलांना दाखवा. ५०० मीटरवरून चालतं, जिने चढतं, क्ष-किरण यंत्र घेऊन जातं, पाण्याच्या झोताने संशयित वस्तू निकामी करतं. आपण त्याची नक्कल करत नाही आहोत, पण त्यातला प्रत्येक प्रश्न आपल्या छोट्या वाहनातही भेटतो.

आधी वहीत गणित, मग खरेदी. उदाहरण सोडवून देतो. वाहनाचं वजन १२ किलो, ३० अंशांचा चढ, पट्टा ओढणाऱ्या दातेरी चाकाची त्रिज्या ५ सेंमी.

चढावर मागे ओढणारं बल: १२ × ९.८ × ज्या (साइन) ३० = ५८.८ न्यूटन. लोळण्याचा विरोध ०.१ धरला तर आणखी साधारण १० न्यूटन. एकूण ६९, दोन मोटरींत वाटून प्रत्येकी ३४.५ न्यूटन. ५ सेंमी त्रिज्येवर पीळ (टॉर्क) झाला १.७३ न्यूटन-मीटर, बाजारातल्या भाषेत १७.६ किलो-सेंमी.

इथे बहुतेक जण थांबतात आणि २० किलो-सेंमीची मोटर आणतात. वाहन सरळ चढतं, वळायला गेलं की अडतं. कारण पट्ट्यांचं वाहन वळताना पट्टे जमिनीवर आडवे घासतात. त्याचा विरोध साधारण 'घर्षण × भार × पट्ट्याची जमिनीला टेकलेली लांबी ÷ ४' एवढा पीळ देतो. लांबी ४० सेंमी, दोन पट्ट्यांमधलं अंतर ३० सेंमी, घर्षण ०.६ धरा, आणि चढावर भार थोडा कमी होतो तेही धरा. हा पीळ पट्ट्यांमधल्या अंतराने भागला की बाहेरच्या पट्ट्यावर आणखी सुमारे २० न्यूटन येतात. म्हणजे ५५ न्यूटन, २.७५ न्यूटन-मीटर, २८ किलो-सेंमी. यावर थोडी सोय ठेवून ३५ किलो-सेंमी, १०० फेरे प्रतिमिनिट, १२ व्होल्ट, एन्कोडर (फेरे मोजणारा भाग) असलेली गिअर मोटर घ्या. वेग अर्धा मीटर प्रतिसेकंद मिळेल, तेवढा पुरे. मोटरवर छापलेला आकडा चालण्याचा आहे की अडून बसण्याचा, हे दुकानदाराला विचारा. दोन्हींत तिपटीचाही फरक असतो.

लांबीला रुंदीने भागून उत्तर १.७ च्या खाली ठेवा. आपलं १.३३ आहे. लांबुळकं वाहन जिना छान चढतं पण वळत नाही, आखूड वाहन वळतं पण जिन्यावर मागे कोलमडतं.

वागळे_इस्टेट

तांबेतार यांनी गणित दिलंच आहे, मी कामाच्या बाजूने लिहितो.

चेसीसाठी ३ मिमी अॅल्युमिनियमचा पत्रा पुरतो. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे या एमआयडीसीत लेझर कटिंगवाले आहेत. त्यांना डीएक्सएफ (रेखाचित्राची) फाइल द्या आणि मापं मिलिमीटरमध्ये आहेत हे तोंडी सांगा. फाइल इंचांत उघडली तर भाग २५ पट मोठा दिसतो आणि तुमचा दिवस जातो. एकदोन तुकड्यांना नाही म्हणतात, म्हणून सातही मुलांचे भाग एकाच पत्र्यावर मांडून न्या. मोटरचं भोक ठेवताना अर्धा मिमी जास्त धरा. पट्टा ताणायच्या चाकासाठी गोल भोक नको, १५ मिमी लांबीचा खाचा हवा.

पट्टा वळताना निघतो, ही सगळ्यांची तक्रार. कारणं दोनच: सैल ताण किंवा चाकं एका रेषेत नसणं. बोटाने मध्ये दाबल्यावर ५ ते ८ मिमी दबला पाहिजे. पुढचं-मागचं चाक एका सरळ पट्टीला लावून बघा, १ मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही. फार ताणलात तर मोटरच्या दांड्याचं बेअरिंग जातं आणि वीज नाहक खर्च होते.

त्रिमितीय छपाई करून पट्ट्याच्या कड्या बनवणार असाल तर पीएलए हे प्लास्टिक वापरू नका. साठेक अंशांना ते मऊ पडतं, मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या पेटीत तेवढं तापमान सहज होतं. पीईटीजी घ्या.

उपवन_तळं

मोटर ड्रायव्हर कोणता? सगळीकडे लाल रंगाचा एल२९८एन मिळतो. तो चालेल ना? आणि नियंत्रणासाठी अर्ड्युइनो उनो हा बोर्ड आधीच घेतलाय.

तांबेतार

एल२९८एन या कामाला नको. त्याची मर्यादा प्रत्येक बाजूला २ अँपिअर, आणि तो स्वतःच दोन व्होल्ट किंवा जास्त खाऊन टाकतो. १२ व्होल्टच्या मोटरला १० मिळाले की आपण वर काढलेलं गणित कोसळतं. वरच्या जातीची मोटर अडली की ६-७ अँपिअर सहज ओढते. बीटीएस७९६० चे दोन ड्रायव्हर घ्या, प्रत्येक मोटरला एक.

उनोबद्दल. एन्कोडरच्या चकतीला ११ स्पंद, गिअर ९० ला १, दोन्ही वाहिन्यांच्या चढत्या-उतरत्या कडा मोजल्या तर चाकाच्या एका फेऱ्याला ३,९६० मोजण्या होतात. मिनिटाला १०० फेरे म्हणजे सेकंदाला ६,६००, दोन चाकांचे १३,२००. उनोवर प्रत्येक मोजणीला मुख्य काम थांबतं. वाहन हळू असताना सगळं ठीक वाटतं, वेग वाढला की मोजण्या गळतात आणि वाहन एका बाजूला ओढायला लागतं. मुलं मग पट्ट्याला दोष देतात. त्याऐवजी ईएसपी३२ बोर्ड घ्या, त्यात स्पंद मोजायची वेगळी सोय आतच आहे. फक्त एन्कोडर ५ व्होल्टचा असेल तर सरळ जोडू नका. १० किलो-ओहम आणि २० किलो-ओहम रोधक लावून ५ चे ३.३ व्होल्ट करा, नाहीतर पिन जळते.

बॅटरी ३ सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर), ११.१ व्होल्ट, ५,००० मिलिअँपिअर-तास. धन तारेवर, बॅटरीपासून १० सेंमीच्या आत, २० अँपिअरचा फ्यूज आणि मग मोठं लाल थांबा-बटण. १०.५ व्होल्टला वाहन थांबलंच पाहिजे, त्याखाली फार उतरवली तर सेल खराब होतात. वापर नसताना प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवा. बॅलन्स चार्जरशिवाय चार्ज नाही, आणि चार्ज करताना मोठं कोणीतरी तिथे बसलेलं असावं. फुगलेली बॅटरी वापरायची नाही. कितीही महाग असली तरी नाही.

पारसिक

मला एकच बिघाड नेमका समजावून हवाय. मोटर सुरू होताक्षणी ईएसपी३२ बंद पडून पुन्हा सुरू होतो. तीन वेगवेगळ्या वाहनांत हेच दिसलं.

तांबेतार

स्थिर असलेली मोटर सुरू होताना अडलेल्या मोटरइतकाच प्रवाह ओढते. दोन्ही एकदम सुरू झाल्या तर १४ अँपिअर. बारीक तार, सैल कनेक्टर आणि अर्धवट उतरलेली बॅटरी असली की क्षणभर व्होल्टेज कोसळतं, आणि ईएसपी३२ ला पुरेसं मिळत नाही म्हणून तो स्वतःला बंद करून घेतो. सीरियल मॉनिटरवर 'ब्राउनआउट' असा शब्द दिसेल, तीच खूण.

उपाय या क्रमाने करा. मोटरच्या वाटेला १४ गेजची तार. ईएसपी३२ साठी वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा), त्याच्या तारा थेट बॅटरीच्या टोकापासून, मोटर ड्रायव्हरवरून फिरवून नाही. ऋण तारा सगळ्या एकाच बिंदूला भेटल्या पाहिजेत. प्रत्येक ड्रायव्हरच्या तोंडाशी १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, २५ व्होल्टचा. मोटरच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर डाखा, ब्रशच्या ठिणग्यांचा उपद्रव तिथेच मरतो. मोटरच्या तारा एकमेकींना पिळून ठेवा आणि एन्कोडरच्या तारांपासून लांब न्या. शेवटी प्रोग्रॅममध्ये वेग एकदम शंभर टक्के न देता ३०० मिलिसेकंदांत चढवा. यातलं नुसतं शेवटचं केलं तरी बिघाड झाकला जातो, म्हणून आधी तारा सुधारा.

वेगनियंत्रणासाठी दर २० मिलिसेकंदांनी हिशेब करा. पीआयडी म्हणजे चुकीवरून वेग सुधारायचं सूत्र: पी आत्ताच्या चुकीचा, आय साठत गेलेल्या चुकीचा, डी चूक बदलण्याच्या वेगाचा. त्यातला आधी फक्त पी वाढवा, चाक थरथरायला लागलं की निम्म्यावर आणा, मग थोडा आय. डी बहुधा लागतच नाही. आयची बेरीज एका मर्यादेवर अडवा. ते केलं नाही तर पायरीला अडलेलं वाहन मोकळं होताच उसळी मारतं, कारण अडलेल्या वेळात चूक साठत गेलेली असते. १५-२० टक्क्यांखाली गिअर मोटर हलतच नाही, ती मृत पट्टीही मोजून प्रोग्रॅममध्ये भरा.

दिशा एन्कोडरवरून काढू नका. पट्टे घसरतात. एमपीयू६०५० हा जायरो आणि त्वरणमापक असलेला संवेदक लावा, पण त्याच्या जायरोचा आकडा हळूहळू सरकतो आणि त्वरणमापक मोटरच्या कंपनांनी गडबडतो. चढाच्या कोनासाठी जायरोचे ९८ टक्के आणि त्वरणमापकाचे २ टक्के असं मिश्रण चालतं. डावी-उजवी दिशा मात्र या मिश्रणाने सुधारत नाही, त्याला दुसरा आधार लागतो. सुरू करताना ५ सेकंद वाहन स्थिर ठेवून शून्य चूक मोजणं विसरू नका.

निळी_वर्दी

आणखी एक, आणि माझ्या मते हेच सैनिकी आणि हौशी यंत्रातलं खरं अंतर: संपर्क तुटल्यावर यंत्र काय करतं? ५०० मिलिसेकंद आदेश आला नाही तर मोटर शून्यावर गेलीच पाहिजे. हे प्रोग्रॅमच्या पहिल्या दिवशी लिहा. ठाण्याच्या टॉवरमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर शेजारपाजारचे कितीतरी वायफाय असतात, संपर्क तुटणारच. तो मुद्दाम तोडून बघा: रिमोट बंद करा, वाहन जिन्यामागे न्या, दोन्ही वेळा थांबलंच पाहिजे.

मुलं विचारतील की खऱ्या बॉम्बनाशक यंत्रांना तारेचा पर्याय का ठेवतात. कारण घटनास्थळी दूरस्थ स्फोट रोखण्यासाठी जॅमर लावतात, आणि जॅमर आपल्या यंत्राचाही रेडिओ बंद करतो. असं एक 'का' समजलं की दहा सुटे भाग पाठ करण्यापेक्षा जास्त शिकतात.

खाडीकाठ_वाशी

पावसाळ्याचं कोणीच बोललं नाही. वाशी, ऐरोली, कोपरखैरणे इथे खाडीची खारी हवा आहे. जूनमध्ये उघड्या बोर्डावर हिरवट थर यायला लागतो, आणि सप्टेंबरात 'काल चालत होतं' सुरू होतं. ब्रेडबोर्ड आणि जंपर तारा शिकण्यापुरत्या, अंतिम वाहनात नकोत. डाखून टाका किंवा स्क्रू-टर्मिनल वापरा. वीजवाटेला सोन्याचा मुलामा असलेले एक्सटी६० कनेक्टर. बोर्डाला ओल अडवणाऱ्या कॉन्फॉर्मल कोटिंगचा फवारा मारा, फक्त कनेक्टरची तोंडं आणि यूएसबी आधी चिकटपट्टीने झाका.

आयपी६५ च्या, म्हणजे धूळ-पाणी अडवणाऱ्या, पेटीत सगळं बंद केलं की दोन नव्या अडचणी. ड्रायव्हरची उष्णता आत कोंडते, म्हणून तो थर्मल पॅड लावून अॅल्युमिनियमच्या तळालाच कसा. आणि दमट हवेत बंद केलेली पेटी एसीत नेली की आतल्या बाजूला वाफ धरते, सिलिका जेलच्या दोन पुड्या आत टाका. तारा केबल ग्लँडमधूनच बाहेर काढा, पेटीच्या खालच्या अंगाने, आणि बाहेर एक झोळ सोडा म्हणजे पाणी तारेवरून आत न जाता ठिबकून पडतं. सैन्याची इलेक्ट्रॉनिक उपकरणं जेएसएस ५५५५५ या मानकाप्रमाणे उष्णता, ओल, धूळ, धक्के यांत तपासली जातात. मुलांनी घरच्या पातळीवर निदान बादलीभर पाणी ओतून तासभर चालवून बघावं.

खडकवासला_वाट

एसएसबीत या वाहनाचा उपयोग कसा, हेही पालक विचारतील. प्रकल्पाला वेगळे गुण नसतात. वाहन घेऊनही जायचं नसतं. पण पीआयक्यू या स्वतःच्या माहितीच्या फॉर्ममध्ये छंद लिहावे लागतात आणि मुलाखत घेणारा अधिकारी तिथूनच खोदत जातो. 'रोबोटिक्सची आवड' एवढंच लिहिलं तर तिसऱ्या प्रश्नाला मूल अडखळतं. मोटर हीच का, पहिल्यांदा काय बिघडलं, सातांपैकी कोणाशी मतभेद झाला आणि तो कसा मिटवला, पैसे कुठून आणले, यांची खरी उत्तरं ज्याच्याकडे आहेत तो शांतपणे बोलतो. म्हणून प्रत्येकाने बिघाडांची वही ठेवावी. तारीख, काय दिसलं, काय कारण निघालं, काय केलं. सजवून लिहायची गरज नाही.

मानसशास्त्राच्या दिवशी ६० शब्दांवर प्रत्येकी १५ सेकंद आणि ६० प्रसंगांना ३० मिनिटं असतात. तिथे पाठ केलेली वाक्यं ओळखू येतात. रोज जे करतो तेच लिहिलं जातं.

येऊर_चढ

शरीराकडेही बघा. एनडीएच्या जाहिरातीतच लिहिलेलं असतं, रुजू होण्याआधी १५ मिनिटांत २.४ किमी धावणं, पुशअप आणि सिटअप किमान २०, चिनअप ८, दोरीवर ३ ते ४ मीटर चढणं यायला हवं. पामबीचच्या कडक रस्त्यावर रोज धावलं तर नडग्या दुखतात. आठवड्यातले दोन दिवस मातीवर किंवा येऊरच्या चढावर धावा. पोहणं येत नसेल तर आत्ताच शिकवा, अकादमीत पाण्यापासून सुटका नाही. ठाण्यात मारोतराव शिंदे तरणतलाव आहे, तिथल्या तुकड्या लवकर भरतात.

वैद्यकीय तपासणीत अडकायच्या नेहमीच्या जागा: सपाट तळपाय, चिकटणारे गुडघे, नाकाचं वाकडं हाड, कानातला मळ, रंगांधळेपणा, जास्त वजन. रंगांधळेपणा आजच तपासा, कारण त्यावर उपाय नाही आणि तांत्रिक शाखांतही तो आड येतो. चष्मा घालवायला वयाच्या विशीआधी लेझर करून घेऊ नका, त्यानेच अपात्र ठरायची वेळ येते.

उपवन_तळं

आणि बारावीनंतर निवड झाली नाही तर? नवी मुंबईत खासगी कॉलेजांत 'रोबोटिक्स अँड ऑटोमेशन' नावाचीच पदवी मिळते. ती करून नंतर सैन्यात जाता येईल?

निळी_वर्दी

येईल, पण पदवीचं नाव जपून. लष्कराच्या टीजीसी (टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स) आणि एसएससी टेक (शॉर्ट सर्व्हिस कमिशन, तांत्रिक) या प्रवेशांना वय २० ते २७, आणि लेखी परीक्षा नाही, पदवीच्या गुणांवर एसएसबीला बोलावतात. एसएससी टेक मुलींनाही खुली आहे. मात्र जाहिरातीत मान्य शाखांचा तक्ता असतो आणि तुमच्या गुणपत्रिकेवरचं नाव त्यात बसलंच पाहिजे. नवीन, आकर्षक नावांच्या पदव्या इथे अडकतात. प्रवेश घेण्याआधी मागच्या दोन-तीन जाहिराती काढून तक्ता शब्दाला शब्द ताडून बघा. शंका असेल तर सरळ मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स घ्या आणि रोबोटिक्स ऐच्छिक विषयांतून करा. हवाई दलाची तांत्रिक शाखा एएफकॅट या परीक्षेमधून आहे, पुढचं शिक्षण बेंगळुरूच्या एअर फोर्स टेक्निकल कॉलेजात. पदवीच्या नावाचा हाच नियम तिथेही.

ऐरोली_खाडी

सगळ्यांचे खूप आभार. सातही जणांना वाचून दाखवलं. जेईईच्या अर्जाची जबाबदारी एका पालकांनी घेतली आहे. दोन वाहनं करायचं ठरलंय, एक मुलींच्या गटाचं, एक मुलांचं. भाग लॅमिंग्टन रोडवरून आणणार. मोटरी हातात आल्या की सगळ्यात आधी काय करू?

तांबेतार

चेसीवर बसवायच्या आधी प्रत्येक मोटर एकटी तपासा. दुकानात बदलून मिळायची मुदत थोडी असते.

मोटर शिकंज्यात पकडा. आधी १२ व्होल्टवर मोकळी फिरवा आणि प्रवाह लिहून ठेवा. दोन मोटरींत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर जोडी बदलून मागा. मग दांड्याला २० सेंमीची पट्टी घट्ट बसवा आणि तिच्या टोकाला सामान मोजायचा तोलकाटा अडकवून मोटर सुरू करा. ३५ किलो-सेंमीची मोटर असेल तर पट्टीच्या टोकाला निदान १.७५ किलो दिसायला हवेत. दोन सेकंदांपेक्षा जास्त अडवू नका, आतली तारेची गुंडाळी जळते. तोंड पट्टीच्या रेषेत आणू नका, डोळ्यांना गॉगल. शेवटी एन्कोडर जोडून दांडा हाताने बरोबर एक फेरा फिरवा आणि मोजणी बघा. ३,९६० च्या आसपास आली तर ठीक. बरोबर निम्मी आली तर प्रोग्रॅम एकाच वाहिनीच्या कडा किंवा एकच कड मोजतोय. उलट चिन्ह आलं तर दोन वाहिन्यांच्या तारांची अदलाबदल करा, प्रोग्रॅममध्ये उणे टाकून भागवू नका, पीआयडी लावताना तेच अंगलट येतं. दोन्ही गटांचे आकडे इथे टाका, पुढचं त्यावरून सांगतो.